खारीसोबत कर्द्याला

शुक्रवारी दुपारी चारनंतर पुण्यातल्या कुठल्याही आयटी ऑफिसात एक चक्कर मारा. स्क्रीनवर एक्सेल शीट उघडी असते, पण मंडळी मनानं कधीच ताम्हिणी उतरलेली असतात. कुणाचं दिवेआगर ठरलेलं, कुणाचं गुहागर. हल्ली त्यात कुत्र्याला सोबत नेणारेही बरेच. होमस्टेला फोन लावला की यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पेट-फ्रेंडली आहे ना?"

आमचं गाडं त्या प्रश्नावर थांबत नाही. आमच्या खारीला फिट्स येतात. त्यामुळे आमची प्रश्नपत्रिका जरा लांबलचक. विहिरीला कठडा आहे का? खोली वरच्या मजल्यावर की खाली? मोबाइलला रेंज कुठे येते? बागेत उंदरांचं औषध टाकलंय का? जनावरांचा डॉक्टर किती किलोमीटरवर? समोरच्याला वाटतं, ही बाई राहायला नाही, घर विकत घ्यायला येतेय!

"फिट येणारं कुत्रं म्हणजे वीकेंड बंद," असं आम्हाला अनेकांनी प्रेमानं सांगितलं. पण आम्ही फिरतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आम्ही तिला घेऊन दापोलीजवळच्या कर्द्याला गेलो. तिथं तिला फिट आलीसुद्धा. तरीही ती आमच्या सगळ्यात मस्त ट्रिप्सपैकी एक होती. कसं काय? सांगते.

मॅडमची ओळख

खारी गावठी आहे. रंग थेट बेकरीतल्या खारीचा, म्हणून नाव खारी. पहिली फिट २०२३ च्या मार्चमध्ये आली, ती तीन वर्षांची असताना. रात्री अडीच वाजता धप्प असा आवाज आला. खारी आडवी पडलेली, मान मागे, पाय काठीसारखे ताठ. मग चारही पाय सायकल मारल्यासारखे हलायला लागले. जबडा कटाकटा वाजतोय, तोंडाला फेस, खाली सू झालेली. मी तिच्या डोक्यापासून टीपॉय ओढून बाजूला केला. नवऱ्यानं मोबाइल उचलला आणि चक्क शूटिंग सुरू केलं.

"अरे, शूटिंग काय करतोस?"

"डॉक्टर विचारतील."

आणि खरंच, सकाळी आमच्या डॉक्टर मॅडमचा पहिला प्रश्न होता, "किती वेळ चालली? व्हिडिओ आहे?" कारण साधं आहे. फिट साधारण दोन-तीन मिनिटांत संपते. दवाखान्यात पोचेपर्यंत कुत्रं शेपूट हलवत असतं. डॉक्टरांना फिट दिसतच नाही, त्यांना दिसतं ते आपण पाहिलेलं.

सहा आठवड्यांनी दुसरी फिट आली, तेव्हा नीट तपासण्या झाल्या. साखर, लिव्हर, किडनी, कॅल्शियम, गोचीडताप. जगभरच्या पशुवैद्यक न्यूरॉलॉजिस्टांच्या एका टास्क फोर्सनं २०१५ मध्ये यासाठी एक चौकट घालून दिली आहे. किमान २४ तासांच्या अंतरानं, दुसरं काही कारण नसताना दोन किंवा जास्त फिट्स. पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षे या वयात. मधल्या काळात कुत्रं तपासणीत नॉर्मल. आणि रक्त-लघवीत ठपका ठेवावा असं काही नाही. हे सगळं जुळलं, की बहुतेक वेळा तो 'इडिओपॅथिक एपिलेप्सी' असतो. म्हणजे मेंदूत दिसेल असा बिघाड नाही, पण फिट येण्याकडे कल आहे. खारी त्यात चपखल बसली.

मग फिनोबार्बिटोनची गोळी सुरू झाली, दर बारा तासांनी. रक्तातलं तिचं प्रमाण स्थिरावायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या दिवसांत खारी दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खायची, माठभर पाणी प्यायची आणि खा-खा तर विचारूच नका. पुढे जमलं. फिट्स पूर्ण थांबल्या नाहीत, पण चार-पाच महिन्यांतून एखादी, इतपत आलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "याला आपण चांगलं चाललंय म्हणतो."

"मग फिरायला न्यायचं का?"

"न्या की. फक्त गोळीला सुट्टी नाही."

ताम्हिणी, माणगाव, मंडणगड

पुण्याहून कर्द्याला जायचं तर ताम्हिणी उतरून माणगाव, मग मंडणगडवरून दापोली. थांबत थांबत सहा-सात तास धरा. आम्ही पहाटे पाचला निघतो. थंडीची वेळ, रस्ता मोकळा, आणि सातची गोळी मुळशीच्या पाण्याकाठी, पनीरच्या तुकड्यातून. नवऱ्याच्या आणि माझ्या, दोघांच्या मोबाइलवर गजर. फिट येण्यामागं कधी चुकलेली गोळी असते, कधी अपुरी झोप, कधी अति उत्साह किंवा ताण. यातलं गोळीचं तेवढं पूर्ण आपल्या हातात असतं.

निघण्याआधी आणखी एक गोष्ट केली होती. कोकण म्हणजे गोचीड आलेच, म्हणून आम्ही गोचिडांच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारलं. हल्ली लोकप्रिय असलेल्या 'आयसोक्साझोलिन' गटातल्या गोळ्यांमुळे काही कुत्र्यांना फिट येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ मध्ये दिला होता. ज्याला आधीच फिट्स आहेत, त्याच्यासाठी दुसरा पर्याय बरा. खारीला वेगळं औषध मिळालं.

घाट उतरताना तिनं खिडकीतून नाक बाहेर काढलं, तसं ती नेहमीच काढते. आजारी प्राण्याला फिरवतोय, असं त्या चेहऱ्याकडे बघून कुणी म्हणालं नसतं.

किनारा फुल टू, समुद्र अर्धाच

कर्द्याचा किनारा लांबलचक आणि सपाट. शनिवारी दुपारीही जरा उत्तरेला मुरुडच्या बाजूनं चालत गेलं, की आपण आणि खेकडे, एवढेच उरतो. खारीनं आधी पाच मिनिटं नुसतं गोल गोल पळून घेतलं. मग खेकड्यांच्या बिळांचं इन्स्पेक्शन.

पाण्यासाठी मात्र आमचे नियम पक्के. दहा मीटरची दोरी, आणि पाणी तिच्या घोट्याच्या वर नाही. पोहताना फिट आली, तर तिथं दोन मिनिटंही जास्त होतात. म्हणून डॉल्फिन बघायची बोटही आम्ही सोडली. आणखी एक नियम, समुद्राचं पाणी प्यायला द्यायचं नाही. खारं पाणी जास्त पोटात गेलं, तर अगदी धडधाकट कुत्र्यालाही फिट येऊ शकते. काही कुत्र्यांना पोटॅशियम ब्रोमाइड सुरू असतं. त्यांच्यासाठी तर मीठ फारच नडतं. आहारातलं मीठ अचानक वाढलं, की ब्रोमाइड लघवीवाटे लवकर बाहेर पडतं आणि औषधाचं प्रमाण घसरतं. म्हणून किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील आणि सुकट यांच्यापासून अशा कुत्र्याला लांबच ठेवा, त्याला कितीही वाईट वाटलं तरी!

आमचं घर किनाऱ्यापासून जरा आत होतं. चिऱ्याचं, कौलारू, पुढे ओटी, समोर शेणानं सारवलेलं खळं, बाजूला रहाटाची विहीर. काकू, काका आणि ऐंशीच्या आसपासच्या आजी. डिसेंबर म्हणजे आंब्याच्या मोहोराचे दिवस, बागांमध्ये फवारणी चालू. काकांनी आधीच फोनवर सांगितलं होतं, "आमची फवारणी मंगळवारी झालीय, मागच्या बाजूला सोडू नका." कीटकनाशक पोटात गेलं, तरी कुत्र्याला झटके येतात. त्यामुळे खारीचा मुक्काम ओटी आणि खळं, एवढाच.

दोन मिनिटं

शनिवारी रात्री आठच्या सुमारास आम्ही ओटीवर बसलो होतो. सोलकढीचा दुसरा ग्लास चालू होता. खारी उगाच उठून माझ्या पायाला चिकटायला लागली. तोंड चाटतेय, नजर कुठंतरीच. तिचं असं झालं, की मी घड्याळाकडे बघते. काही कुत्र्यांमध्ये फिटच्या आधी असे बारीक बदल दिसतात. मी तिला पायऱ्यांपासून लांब, खळ्याच्या मधोमध नेलं. तिथंच ती आडवी झाली.

नवऱ्यानं मोबाइलवर टायमर आणि कॅमेरा सुरू केला. मी तिच्या मानेखाली ओढणीची घडी सरकवली, कारण चिऱ्याच्या कडेवर डोकं आपटलं तर फिटपेक्षा तीच जखम मोठी व्हायची. काकूंना म्हटलं, "तेवढा दिवा घालवता का? आणि टीव्ही बंद करा." उजेड आणि गोंगाट जितका कमी, तितकं बरं. बस्स, एवढंच. तोंडात हात घालायचा नाही, चमचा नाही, पाणी नाही. कुत्र्याची जीभ घशात अडकत नाही. मात्र आपलं बोट दातांत नक्की अडकतं. पाय दाबून धरायचे नाहीत. आपण धरल्यानं फिट थांबत नाही.

तेवढ्यात आजी आतून आल्या. "अगो, आकडी आलीय हिला! कांदा आणा, कांदा फोडा!"

आणि फाटकाबाहेर शेजारचा एक मुलगा ओरडला, "पिसाळलंय!" हातात काठी होती.

नवरा फिल्मिंग चालू ठेवून त्याच्या आणि खारीच्या मधे जाऊन उभा राहिला. "दादा, फिट आलीय तिला. औषध चालू आहे. इंजेक्शनं झालीत, कार्ड दाखवतो. थोडं लांब थांब."

तो थांबला. मला त्याचा राग नाही आला. फेस येणाऱ्या कुत्र्याला घाबरणं आपल्या देशात शहाणपणाचंच आहे. रेबीज खरा आहे, आणि त्यातही झटके येऊ शकतात. फरक असा, की रेबीजचं कुत्रं दिवसागणिक खालावत जातं. वागणं बदलतं, आवाज बदलतो, गिळता येत नाही, लुळं पडतं आणि साधारण दहा दिवसांच्या आत दगावतं. फिट संपलेलं कुत्रं तासा-दोन तासांत पुन्हा स्वतःसारखं व्हायला लागतं. पण हे बघ्यांना दोन मिनिटांत समजावता येत नाही. लसीकरणाचं कार्ड दाखवता येतं. ते आमच्या गाडीत कायम असतं. अनोळखी, रस्त्यावरच्या कुत्र्याला फिट येताना दिसली, तर मात्र हात लावू नका. लोकांना लांब ठेवा आणि प्राणी-बचाववाल्यांना फोन करा. त्याची लाळ जखमेवर लागली, तर पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुऊन लगेच डॉक्टर गाठा.

टायमर एक मिनिट पन्नास सेकंदांवर आला आणि खारीचे पाय थांबले. कांदा अजून फोडायचाच होता.

फिट संपली, म्हणजे सगळं संपलं असं नसतं. यानंतरचा काळ जास्त फसवा. खारी उठली आणि सरळ विहिरीच्या दिशेनं चालायला लागली. या वेळी कुत्र्याला काही वेळ नीट दिसत नाही, माणसं ओळखू येत नाहीत, कधी ते चावतंही. नवरा विहिरीच्या बाजूनं उभा, मी पायऱ्यांच्या. हात न लावता, नुसतं नाव घेत आम्ही तिला ओटीवर वळवलं. अर्ध्या तासानं तिनं माझा हात हुंगला आणि शेपूट हलवलं. मग पाणी दिलं, मग थोडा भात.

घरात रेंज नव्हती. नवरा फाटकापाशी गेला, तिथं दोन काड्या येत होत्या, आणि व्हिडिओ पुण्याला पाठवला. डॉक्टर मॅडमचा निरोप आला: नेहमीसारखीच फिट, दोन मिनिटांच्या आत, पूर्ण शुद्धीवर आलीय, गोळी वेळेवर चालू ठेवा, २४ तास लक्ष ठेवा. दुसरी आली, तर दापोली गाठा.

दापोली तिथून बारा-पंधरा किलोमीटर, वळणाचा रस्ता. रात्री तिथं कोणता डॉक्टर फोन उचलतो, हे आम्ही निघण्याआधीच विचारून ठेवलं होतं. गाडी तोंड बाहेर करून लावली आणि पाळीपाळीनं झोपलो.

आजींचा कांदा

आजींना झोप येत नव्हती. त्या ओटीवर येऊन बसल्या.

"आमच्या धाकट्या दिरांना यायची गो आकडी. लहान होते. आम्ही कांदा हुंगवायचो, चप्पल हुंगवायचो, हातात किल्ल्या द्यायचो."

"मग थांबायची?"

"थांबायची की."

"आणि शेतात वगैरे असताना? कांदा जवळ नसला तर?"

आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग हसल्या. "तेव्हाही थांबायचीच म्हणा."

मला वाटतं, फिटबद्दलचं सगळ्यात मोठं ज्ञान त्या एका वाक्यात आहे. बहुतेक फिट्स आपल्या आपण थांबतात. आपलं काम त्या थांबवायचं नसतं. आपलं काम डोकं आपटू न देणं, लोकांना लांब ठेवणं, घड्याळ बघणं आणि नीट पाहून ठेवणं. आणि ज्या थांबत नाहीत, त्या घड्याळामुळेच वेळेत कळतात. कुत्र्याला कांदा खायला मात्र कधीच देऊ नका; त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. हुंगवण्यात गेलेला वेळही फुकटच.

फिट नसलेली फिट

रविवारी सकाळी खारी ओटीवर उन्हात झोपली होती. पाय थरथरत होते, बारीक 'वुफ वुफ' चाललेलं. काकू धावत आल्या, "परत आली का गं?" मी हळूच म्हटलं, "खारी!" तिनं एक डोळा उघडला. हे स्वप्न. हाक मारून जाग येते, ती फिट नव्हे.

असेच आणखी काही चकवे आहेत. पळता पळता कुत्रं एकदम मऊ पडलं आणि अर्ध्या मिनिटात उठून नॉर्मल झालं, तर ती बहुतेक चक्कर. हृदय तपासून घ्या. मान एका बाजूला कललेली, डोळे इकडून तिकडे लकलकतायत, तोल जातोय पण शुद्ध आहे, तर भानगड कानाची किंवा तोल सांभाळणाऱ्या नसांची असू शकते. उभ्या उभ्या नाकातून घुर्र-घुर्र हवा आत ओढतंय, ती उलटी शिंक. आणि उलट बाजूनं, फक्त ओठ फडफडणं, एकच पाय झटकणं किंवा नसलेल्या माशा पकडणं, ही छोटी फिट असू शकते. कोणतं काय, हे आपण ठरवायचं नाही. व्हिडिओ काढायचा, डॉक्टरांना दाखवायचा.

दुपारी आम्ही हर्णैला गेलो. लिलावाच्या गर्दीत आळीपाळीनं गेलो, एक जण सावलीत खारीपाशी. किनाऱ्यावरून समुद्रातला सुवर्णदुर्ग समोर दिसतो. खारीला किल्ल्यात रस नव्हता. तिचा सगळा इतिहास सुरमईच्या टोपल्यांत होता.

ताबडतोब डॉक्टर गाठा, जर...

• फिट पाच मिनिटांहून जास्त चालली.
• २४ तासांत दुसरी आली, किंवा पूर्ण शुद्धीवर यायच्या आत पुन्हा सुरू झाली.
• विषारी काही खाल्ल्याची शंका आहे, डोक्याला मार लागलाय किंवा ऊन लागलंय.
• कुत्रं पिल्लू आहे, गाभण आहे किंवा त्याला मधुमेह आहे.
• आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर ती थांबली तरी त्याच दिवशी दाखवा.

नेताना चादरीचं स्ट्रेचर करा आणि गाडीचा एसी सुरू ठेवा. लांबलेल्या फिटमध्ये अंग तापतं, म्हणून पंजांना आणि पोटाला साधं पाणी लावा, बर्फ नको.

डिकीतली पिशवी

गोळ्या ट्रिपच्या दिवसांपेक्षा तीन दिवस जास्तीच्या, कारण फिनोबार्बिटोन प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलमध्ये असतेच असं नाही. सोबत प्रिस्क्रिप्शन. लसीकरणाचं कार्ड. डॉक्टरांनी लिहून दिलेला इमर्जन्सी डोस. आमच्याकडे नाकात द्यायचं मिडाझोलाम आहे, पाच मिनिटं उलटली तरच. जुनी चादर, दोन टॉवेल, लांब दोरी, प्यायचं गोडं पाणी. एक छोटी वही: तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय झालं. आणि एक गोष्ट पिशवीत मावत नाही, पण लक्षात ठेवा. फिट्स येत नाहीत म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. ती अचानक बंद झाली, की फिट्स जोरात परत येतात.

कसं जाल?

पुण्याहून ताम्हिणी–माणगाव–मंडणगड–दापोली–कर्दे. मुंबईहून मुंबई-गोवा महामार्गानं माणगाव, पुढे तेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. एप्रिल-मेच्या उन्हात कुत्र्याला नेऊ नका. तळमजल्याची खोली मागा, विहिरीला कठडा आहे का विचारा, आणि दापोलीतल्या पशुवैद्याचा नंबर निघण्याआधी सेव्ह करा. रात्री उचलतो तो.